फुटेपर्यंत बांधाला मालक नसतो



धरण म्हटले की डोळ्यांसमोर कोयना येते, जायकवाडी येते, उजनी येते. त्यांच्या दरवाजांची आणि टक्केवारीची बातमी पावसाळाभर रोज छापून येते. पण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शिवारात पाणी अडते ते तिथे नाही. ते अडते गावतळ्यात, पाझर तलावात, माती नालाबांधात, कुणी स्वतःच्या पैशाने ओढ्यावर घातलेल्या बांधात आणि भराव घालून जमिनीच्या वर उचललेल्या शेततळ्यात. त्यांची टक्केवारी कुणी छापत नाही. त्यांच्या पायथ्याला ओल आली का, माथा खचला का, सांडवा बुजला का, हे पाहायला कुणी येत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. लहान मातीच्या बांधाला आज या राज्यात मालक नाही. बांधताना मालक असतात. फीत कापायला, फोटो काढायला, अनुदानाचा हप्ता उचलायला मालकांची रांग लागते. फुटल्यावरही मालक शोधला जातो, कारण गुन्हा कुणावर तरी नोंदवायचा असतो. मधली वीस-तीस वर्षे मात्र तो बांध बेवारस असतो. आणि त्या बेवारस वर्षांतच बांधाचे आयुष्य ठरते. या बैठकीत आपल्याला याच मधल्या वर्षांबद्दल बोलायचे आहे.

पुण्याने ही किंमत मोजली आहे

बैठक पुण्यात आहे, म्हणून आधी पुण्याचेच बोलू. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे १८७९ सालचे दगडी धरणही फोडले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचे काम पूर्ण झालेले नव्हते. पाणी सोडायच्या मोरीचे काम अर्धवट होते. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. मोरीवरचा भराव खचला, माथा खाली बसला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण पाणी शेवटी माथ्यावरून गेले. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून एकदा पाणी वाहू लागले की त्याला थांबवणारे पोते अजून शिवले गेलेले नाही.

चौकशी आयोग बसले, अहवाल आले. त्या सगळ्याचा अर्थ आपल्या भाषेत एवढाच: पाणी घाई करत नाही, माणूस करतो. पानशेत हे सरकारचे धरण होते. त्यावर अभियंते होते, नकाशे होते, लष्कर धावून आले होते. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या बांधावर यांपैकी काय आहे?

दुसरे उदाहरण जवळचे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, २३ माणसे गेली. हे धरण जेमतेम वीस वर्षांचे होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पण त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष कुणाला दिला? खेकड्यांना! खेकडा बीळ करतो हे कुणबी जाणतो; त्याला मंत्र्याने शिकवायला नको. पण खेकडा एका रात्रीत धरण पोखरत नाही. त्याचे बीळ वर्षभर दिसत असते. ते पाहायचे आणि बुजवायचे काम खेकड्याचे नव्हते.

कायदा वरच्या मजल्यावर राहतो

२०२१ साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. कायदा वाईट नाही. धरणाच्या मालकाने, मग तो सरकार असो की खाजगी कंपनी, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी, देखभालीसाठी पैसा राखून ठेवावा, संकटकाळाचा आराखडा करावा, असे त्यात आहे. हयगय केली तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

पण कोणती धरणे? उंची १५ मीटरहून जास्त असलेली. १० ते १५ मीटरमधली घेतली जातात, पण अटींवर: माथ्याची लांबी ५०० मीटर तरी हवी, किंवा साठा दहा लाख घनमीटर तरी हवा, किंवा अशीच एखादी मोठी गोष्ट हवी. दहा मीटरच्या खालचा बांध या कायद्याला दिसतच नाही.

आता हिशेब करा. एक हेक्टर पसरलेले आणि सरासरी तीन मीटर खोल पाणी म्हणजे ३०,००० घनमीटर, म्हणजे ३०,००० टन. दहा टनांचे तीन हजार ट्रक एकाच वेळी एका नाल्यातून सुटावेत असा तो लोंढा. कायद्याच्या लेखी हा बांध क्षुल्लक. पण खाली नाल्याच्या काठी ऊसतोडीहून परतलेल्या मजुरांची पालं असतील, वस्तीवरची शाळा असेल, तर त्यांच्या लेखी हेच पानशेत. साधे ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोलीचे शेततळे घ्या: त्यातही जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. जमिनीत खोदलेल्या तळ्याला फुटायला जागा नसते. पण भराव घालून पाणी जमिनीच्या वर उचलले, की ते तळे राहत नाही, धरण होते. मग त्याला नाव काहीही द्या.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा अनुदान पन्नास हजारांपर्यंत ठेवले. ते खोदायला. दहा वर्षांनी भराव खचला तर कुणाकडे जायचे, हे त्या कागदावर शोधून पाहा.

मालकी खाजगी, मरण दुसऱ्याचे

कुणी म्हणेल, माझा बांध, माझी जमीन, माझे पाणी. तुम्ही कोण विचारणारे? याचे उत्तर सातासमुद्रापलीकडून ऐका.

अमेरिकेच्या हवाई बेटांत काउआई नावाचे बेट आहे. तिथे उसाच्या मळ्यासाठी जुन्या काळी बांधलेला का-लोको नावाचा मातीचा बांध एका धनिकाच्या मालकीत आला होता. १४ मार्च २००६ रोजी, बरेच दिवसांच्या पावसानंतर तो फुटला आणि सात माणसे गेली. चौकशीत पुढे आले की पाणी बाहेर काढणारा सांडवाच मातीने बुजवलेला होता. त्या मालकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. केनियात सोलाई येथे ९ मे २०१८ रोजी एका मोठ्या मळ्याचा खाजगी बांध फुटला आणि खालच्या वस्तीतली चाळीसहून अधिक माणसे गेली. त्या बांधाला परवानाच नव्हता, हे तिथल्या जल प्राधिकरणाने नंतर सांगितले. नंतर! बांध डोंगरावर, मालक बंगल्यात, आणि मेले कोण? मळ्यावर राबणारे.

कायद्याचे म्हणणेही ऐका. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात ठरले, की आपल्या जमिनीत साठवलेले पाणी निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर साठवणारा जबाबदार. सहा वर्षांनी, १८७४ साली, आपल्याकडचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला: मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेतीनगरचे जमीनदार. जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. कौन्सिल म्हणाले, या देशात तलाव राखणे ही चैन नव्हे, शेतीची गरज आणि जुने कर्तव्य आहे. म्हणून निष्काळजीपणा केल्याशिवाय जमीनदार दोषी नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा निकाल आपल्या बाजूचा आहे, पण अर्धाच. पाणी अडवणे हा गुन्हा नाही. अडवून विसरणे हा गुन्हा आहे.

पूर्व विदर्भातले मित्र मालगुजारी तलाव जाणतात. कोहळ्यांनी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात असलेले ते तलाव पिढ्यानपिढ्या टिकले, कारण पाळ राखण्याची घडी बसलेली होती. तलावाच्या पाण्यावर जगणाराच पाळीवर माती टाकत होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. गेली ते चांगलेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि डागडुजीची घडी मोडली. मालक बदलला, राखणदार नाहीसा झाला. मालगुजार परत यावा असे आमचे म्हणणे नाही. राखणदार परत यावा एवढेच आहे.

बांध कशाने फुटतो

कृषी पदवी घेऊन चळवळीत आलेल्या आमच्यासारख्यांना माती थोडीफार शिकवली गेली. ती शिकवण आज इथे मांडतो, कारण यात इंजिनियरशिवाय कळणार नाही असे फारसे काही नाही.

बांध फुटायच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, पाणी माथ्यावरून जाणे. याचे कारण बहुतेक वेळा सांडवा: अरुंद, बुजलेला किंवा उंच केलेला. दुसरी, पाणी बांधाच्या पोटातून वाट काढणे. आधी धागा, मग करंगळी, मग घागर, मग भगदाड. तिसरी, उतार घसरणे: पाया मऊ, उतार उभा किंवा भरलेले पाणी एकदम उपसल्याने आतल्या बाजूची ओली माती सरकते.

आपली काळी माती पाणी धरते, म्हणून ती बांधाच्या गाभ्यात उत्तम. पण तीच माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून गाभ्यात काळी आणि अंगावर मुरूम, हा जुना नियम. काळ्या मातीचाच सगळा बांध असेल तर मृगाआधी त्याच्या भेगा भरल्याच पाहिजेत. त्या भेगांतून पहिले पाणी आत शिरते.

खारपाणपट्ट्यातल्या आणि चोपण जमिनीच्या गावांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. चोपण माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते. अशा मातीचा बांध आतून पोखरला जातो आणि बाहेरून शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाचे पाणी घ्या. बांधाच्या मातीचा वाटाण्याएवढा खडा त्यात अलगद सोडा, हलवू नका. दहा मिनिटांत खड्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती बांधाची नव्हे. खडा नुसता ढेपाळला आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले तर भीती कमी.

आता पाहणी. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दसऱ्याला, आणि जोराच्या पावसात दर दिवशी बांधावरून एक फेरी मारा. चार चपला झिजतील, एक गाव वाचेल. फेरीत हे पाहा:

१. माथा सपाट आहे का? बैलगाडीची, ट्रॅक्टरची वाट जिथे बांध ओलांडते तिथे तो बसलेला असतो. गवंड्याची पाण्याची नळी लावली की वीतभराचा फरक लगेच कळतो. पाणी तिथूनच जाणार.

२. सांडवा मोकळा आहे का? काटेरी झुडूप, गाळ, दगड, कुणी लावलेली पोती काढा.

३. पायथ्याला ओल कुठे आहे? उन्हाळ्यातही हिरवेगार गवत एकाच ठिकाणी दिसले तर तिथे खूण रोवा. झिरपणारे पाणी पेल्यात धरून पाहा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नजर ठेवा; प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतोच. गढूळ पाणी येत असेल तर बांध आतून वाहून चालला आहे. तिथे थांबायला वेळ नाही.

४. भोके, बिळे, वेडी बाभूळ. झुडूप लहान असतानाच उपटा. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे कुजून आत नळ्या पडतात. ते काढताना जाणकाराला विचारा. बाहेरच्या उतारावर हरळी, मारवेल वाढू द्या. शेतात जी हरळी आपली वैरीण, ती बांधावर सखी.

५. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग आहे का? आहे, आणि रोज रुंदावते आहे, तर उतार सुटायला निघाला आहे.

गढूळ पाणी उसळताना दिसले तर आधी खालच्या वस्तीतली माणसे हलवा, मग तहसीलदाराला कळवा, मग बांधाकडे वळा. उसळत्या तोंडात चिकणमाती कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर मोठे दगड असे थर घाला. पाणी निघू द्या, माती अडवा. मोटारी लावून साठा कमी करत राहा.

आपल्या घरातले पाहू

सरकारला शिव्या देणे सोपे आहे आणि बऱ्याचदा रास्तही आहे. पण बांधाच्या बाबतीत काही पापे आपल्या शिवारातली आहेत. ती आपणच बोललो नाही तर कोण बोलणार?

सांडव्यावर फळ्या आणि पोती लावून पाणी हातभर वाढवणारा आपलाच भाऊ आहे. त्याला वाटते, एक पाणी जास्त मिळेल. तो हातभर बांधाच्या सुरक्षिततेतून चोरलेला असतो. मोटारीचा पाइप टाकण्यासाठी भर बांधात चर खणून, वर सैल माती लोटून मोकळा होणारा आपल्यातलाच आहे. त्या सैल मातीतून, पाइपाच्या अंगालगत, पाणी पहिली वाट काढते. पायथ्याचा मुरूम घरापुढच्या भरावाला उचलून नेणारा आपल्याच गल्लीत राहतो. आणि बांध घालताना थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबाई करायची सोडून जेसीबीने ढीग लोटून बिल काढणारा ठेकेदार पुष्कळदा आपल्याच पुढाऱ्याचा मेहुणा असतो. त्याला मुकाट्याने सही देणारी ग्रामसभाही आपलीच.

'पैसा कुठून आणायचा?'

हा प्रश्न खोटा नाही. ज्याचा कापूस खर्चही भरून न निघता जातो, ज्याची ज्वारी काढणीच्या मजुरीला पुरत नाही, तो बांधावर माती कशाने टाकणार? शेतीतून वरकड उरत नाही, म्हणून बांधाला माती मिळत नाही. बांधाच्या पायथ्याची ओल आणि बाजारातला पडेल भाव ही दोन वेगळी गाऱ्हाणी नाहीत. शेतमालाला रास्त भाव द्या, शेतकरी आपला बांध दगडी पिचिंगने मढवेल.

पण तोवर? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबहिणींनी भाकरीसाठी डोक्यावर घमेली वाहून गावोगाव पाझर तलाव घातले. त्या बांधांनी आता पन्नाशी ओलांडली. त्यांतले काही जिल्हा परिषदेकडे, काही जलसंधारणाकडे, काही जलसंपदेकडे. शेतकरी अर्ज घेऊन गेला की प्रत्येक खाते दुसऱ्या खात्याचा दरवाजा दाखवते. नवे काम काढायला पैसा आहे, कारण नव्या कामाला पाटी लागते. जुन्या बांधावर टाकलेल्या चार ब्रास मुरुमाला पाटी लागत नाही. हे दारिद्र्य नव्हे, ही दानत आहे.

आणि पाऊस आता जुन्या हिशेबाने पडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्याने ते भोगले. सीनेकाठची उभी पिके आणि जमिनी गेल्या. पीक गेले तर पुढच्या वर्षी येते. खरडून गेलेली काळी माती आपल्या नातवांच्या हयातीतही परत येत नाही.

कुणी शंका काढेल, तपासणी मागाल तर नवा इन्स्पेक्टर येईल आणि त्याचाही हात ओला करावा लागेल. शंका रास्त आहे. म्हणून आम्ही परवाना मागत नाही, पाहणी मागतो. बांध घालायला साहेबाची सही लागावी असे आमचे म्हणणे नाही. घातलेला बांध साहेबाने चढून पाहावा, पाहिले ते लिहावे आणि लिहिले ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, एवढेच म्हणणे आहे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

एक: जमिनीच्या वर पाणी अडवणाऱ्या आणि खाली वस्ती असलेल्या प्रत्येक बांधाची नोंद, सरकारी असो वा खाजगी, ग्रामपंचायतीत व्हावी. बांध कुणाचा, कोणत्या सालचा, उंची किती, सांडवा कसा, खाली घरे किती.

दोन: अशा बांधांची मृगाआधी आणि पावसाळ्यानंतर अभियंत्याने पाहणी करावी. उंची दहा मीटरहून कमी आहे हे कारण चालणार नाही. माप मीटरचे नको, खालच्या माणसांचे हवे.

तीन: ज्या कामाला अनुदान दिले, त्याच्या देखभालीलाही निधी द्यावा. बांधदुरुस्तीच्या मुरुमावर स्वामित्वधन आकारू नये.

चार: गळतीच्या लेखी तक्रारीची पोच द्यावी आणि पावसाळ्यात २४ तासांच्या आत कुणीतरी बांधावर यावे. न आल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आधीच ठरलेले असावे. खेकड्याचे नाव चालणार नाही.

पाच: डोंगरउतारावर प्लॉट पाडून, शोभेसाठी ओढे अडवणाऱ्या धनिकांना यातून सूट नको. त्यांच्या बांधाखालच्या शेतकऱ्याचे नुकसान त्यांनीच भरावे.

आणि सहावा ठराव सरकारकडे पाठवायचा नाही. तो आपण आपल्यासाठी करायचा. परत गेल्यावर प्रत्येक गावच्या शाखेने पाच माणसांची बांध-राखण टोळी करावी. तीत एक तरी बाई असावी, कारण पाण्याला रोज जाते ती, आणि ओल पहिल्यांदा दिसते तिलाच. मृगाच्या आधी गावाच्या वरच्या अंगाला असलेला प्रत्येक बांध त्यांनी पायाखाली घालावा, दिसले ते वहीत लिहावे आणि वहीची नक्कल पोच घेऊन तहसीलला द्यावी. पोचेचा कागद जपून ठेवावा. बांध टिकला तर तो कागद रद्दीत जाईल, जाऊ द्या. पण उद्या कुणी उठून म्हणाले, आम्हाला कुणी सांगितलेच नाही, तर त्याच्यापुढे तो कागद ठेवता आला पाहिजे.